पीपीएल कुठे करायचे? बारामती, धुळे, कलबुर्गी की गोंदिया

माझी भाची उदगीरची. बीएस्सी झाल्यावर तिने घरी सांगितले की विमान शिकायचे आहे. आधी पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, आणि जमले तर पुढचे पुढे. दिवाळीत तिने मला गाठले. "मामा, तुम्ही केलंय ना पीपीएल? मग सांगा, नाव कुठं टाकू?" तिला जे समजावले तेच इथे लिहितो. लातूर, धाराशिव, जालना, परभणीकडच्या पोरापोरींना हाच प्रश्न पडतो, आणि पैसे भरून झाल्यावर उत्तर मिळून उपयोग नसतो.

नियम सगळीकडे सारखेच आहेत. वय 17 पूर्ण, दहावी पास, वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान 40 तास उड्डाण. त्या 40 तासांत 20 तास एकट्याने, म्हणजे सोलो. त्यातही 5 तास सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे तळ सोडून दूरच्या विमानतळांपर्यंतचे उड्डाण, आणि त्यात एक फेरी किमान 150 नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. अभ्यासक्रम डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, तेव्हा "आमचा कोर्स वेगळा" असे कोणी म्हणाले तर ते कानाआड करा. फरक पडतो तो हे 40 तास किती दिवसांत होतात यावर.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. मी जिथे शिकलो तिथे ताशी दर सगळ्यांत कमी होता आणि मी सगळी रक्कम एकदम भरली. दोन विमाने होती. माझे 14 तास झाले, सोलो तोंडावर आला, आणि एक विमान स्नॅगवर गेले, म्हणजे बिघाडामुळे बंद पडले. दुसऱ्यावर सीपीएलची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची, मुले रांगेत होती. मी अकरा आठवडे जमिनीवर बसलो. पुन्हा उडायला लागलो तेव्हा लँडिंगचा अंदाजच गेला होता. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी विमानाचे नाक हलकेच उचलणे, कधी उंचावर होई, कधी उशिरा. जे सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरणे, आधी नीट जमत होते तेच परत शिकायला सात तास गेले, आणि त्या सातही तासांचे बिल मला आले.

म्हणून आधी हा हिशेब करा. समजा एका ठिकाणी तासाला 13 हजार आणि दुसरीकडे 16 हजार. कागदावर 40 तासांत 1 लाख 20 हजारांचा फरक दिसतो. पण पहिल्या ठिकाणी खंड पडून तुम्हाला 55 तास लागले तर 7 लाख 15 हजार होतात. दुसरीकडे सलग उडून 45 तासांत झाले तर 7 लाख 20 हजार. फरक पाच हजारांचा उरला, आणि पहिल्या ठिकाणी खोलीभाडे व मेसचे चार महिने जास्त गेले ते वेगळेच. आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही स्वतःला मिळालेले दर घालून बघा.

आता ठिकाणे. धावपट्ट्या आपल्याकडेही आहेत. लातूर, नांदेड, धाराशिव, संभाजीनगरचे चिकलठाणा. पण धावपट्टी असणे वेगळे आणि तिथे मान्यताप्राप्त संस्थेची विमाने रोज उडणे वेगळे. संस्था तळ हलवतात, तेव्हा डीजीसीएची मान्यताप्राप्त संस्थांची ताजी यादी बघितल्याशिवाय कोणाच्या शब्दावर जाऊ नका.

लातूर, धाराशिव, बीडकडून बारामती सोयीची. बार्शी, इंदापूरमार्गे गाडीने चार-पाच तास. प्रशिक्षणाचा तळ म्हणून हे गाव मुरलेले आहे. एकाहून जास्त संस्थांची विमाने तिथे असतात, राहायला खोल्या मिळतात, मेस मिळते, आणि उड्डाण शिकणारी इतकी पोरे भेटतात की कोणत्या संस्थेत काय चालले आहे ते चहाच्या टपरीवर कळते. मुलुख पर्जन्यछायेचा, त्यामुळे पावसाळ्यातही बरेच दिवस हाती लागतात. उणी बाजू गर्दीची. एका धावपट्टीवर सर्किटला चार विमाने असली की तुमचा नंबर लांबतो.

जालना आणि संभाजीनगरकरांना धुळे जवळ. कन्नडचा घाट उतरला की दीडशे किलोमीटरच्या आत. 1928 साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचा उड्डाणाचा तळ इथे आहे. जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले आणि 1929 मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. क्लब म्हटले की हौसेने उडणाऱ्यांची परंपरा आली, आणि पीपीएलवाल्याला ते वातावरण मानवते. पुढे शिरपूरलाही एनएमआयएमएस विद्यापीठाची उड्डाण अकादमी आहे. एकाच सहलीत दोन्ही बघून होतात.

कलबुर्गीचा विचार आपल्याकडे फारसा कोणी करत नाही, आणि मला ते खटकते. उमरगा, निलंगा भागातल्यांना आळंदमार्गे ते पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. विमानतळ प्राधिकरणाने 2021 मध्ये प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यासाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात कलबुर्गी आणि जळगाव होते. कलबुर्गीची हवा कोरडी आणि धावपट्टी लांब. उदगीरची बोली बोलणाऱ्याला तिथला बाजारही परका वाटत नाही.

गोंदियाजवळ बिरसीला एनएफटीआय (नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट) आहे, विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीतून उभी राहिलेली. शिस्त, सिम्युलेटर, ताफा, सगळे मोठ्या मापाचे. पण ती घडण सीपीएलची, म्हणजे 200 तासांची आणि एअरलाइनच्या नोकरीची. ज्याचे ठरलेलेच आहे की कॉकपिटमध्येच नोकरी करायची, ज्याला बारावीला फिजिक्स आणि गणित आहे, त्याने पीपीएलचा वेगळा घाट न घालता अशा ठिकाणी सरळ सीपीएलची चौकशी करावी. फक्त पीपीएल हवे असणाऱ्याने मोठ्या अकादमीत एक गोष्ट स्पष्ट विचारावी: सीपीएलच्या बॅचसमोर माझा स्लॉट कितव्या नंबरवर? मला तरी वाटते की बहुतेक वेळा तो शेवटी असतो.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतही पीपीएलला 40 तासच लागतात, पण तिथे सोलोचे 10 तास पुरतात आणि आपल्याकडे 20 मागतात. परतून भारतीय परवाना घ्यायचा असेल तर उरलेले सोलो तास तिथेच करून या, नाहीतर इथे येऊन पुन्हा रांग.

बिलाची एक बाब आधीच समजून घ्या. उड्डाणाचा वेळ चाके उचलल्यापासून मोजत नाहीत. विमान स्वतःच्या ताकदीने हलले की मोजणी सुरू होते आणि उतरून थांबल्यावर संपते. प्रवासी विमानांची वर्दळ असलेल्या विमानतळावर तुम्ही इंजिन चालू ठेवून धावपट्टीच्या तोंडाशी दहा मिनिटे थांबलात तर ती दहा मिनिटे तुमच्या खिशातून जातात. छोट्या तळावर हे वाचते. पण छोट्या तळावर शिकलेल्याची रेडिओवर बोलताना पहिल्यांदा जीभ अडखळते, कारण समोर कंट्रोल टॉवरच नसतो. मराठी माध्यमातून आलेल्याला हे जास्त जाणवते. म्हणून शांत तळ निवडलात तर क्रॉस कंट्री टॉवर असलेल्या विमानतळावर करून घेतात का, ते विचारा. आणि ग्राउंड क्लासला अवघड भाग मराठीत किंवा हिंदीत फोडून सांगणारा इन्स्ट्रक्टर आहे का, हेही विचारायला लाजू नका. मला कॅरब्युरेटर आइसिंग, म्हणजे इंजिनाच्या कॅरब्युरेटरमध्ये बर्फ धरणे, कळले ते एका सरांनी फळ्यावर मराठीत समजावल्यावरच.

विमान कोणते यावर पोरे फार वाद घालतात. सेसना 152 दोन सीटचे आणि जुने, पण शिकाऊ हात सहन करणारे. 172 चार सीटचे आणि तासाला महाग. टेकनाम नवीन घडणीचे, हलके, इंधन कमी पिणारे. यातल्या कशावरही चांगला वैमानिक घडतो. बघायचे ते हे, की इंजिनिअर तळावरच राहतो की बाहेरून बोलवावा लागतो.

सुरुवात ऑक्टोबरात करा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दहा वाजले की हवा उकळायला लागते, विमान हेलकावे खाते, गरम पातळ हवेत धावही लांब घेते. नवशिक्याला तेव्हा फक्त सकाळ मिळते. दसऱ्यानंतर लागलात तर उन्हाळ्याआधी 40 तास होऊ शकतात.

आता डीजीसीए संस्थांना श्रेणीही देते, वर्षातून दोनदा. 2025 च्या पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नव्हती. ती जरूर बघा, पण सकाळी सहाला तळावर स्वतः जाऊन उभे राहा. किती विमाने बाहेर काढली, किती उडाली, ते मोजा. मग सीएफआयला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, नाही, विद्यार्थ्याला विचारा: गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? त्याने लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, दाखवले तर त्या पानाइतकी खरी जाहिरात दुसरी नाही. माझ्या मते महिन्याला दहा तासांच्या आत असेल तर तिथून निघावे. पैसे टप्प्याटप्प्यानेच भरा, आणि सोडून गेल्यास परतावा किती हे लेखी घ्या.

भाचीची वर्ग 2 ची तपासणी आधी उरकायला सांगितली आहे. त्यात काही निघाले तर संस्था शोधण्याचा खटाटोप वाया जाऊ नये. ती झाली की आम्ही दोघे आधी कलबुर्गीला आणि मग बारामतीला जाणार आहोत, दोन्हीकडे एकेक रात्र मुक्काम करून. तिचा कल बारामतीकडे आहे, कारण मैत्रीण तिथे आहे. माझा कलबुर्गीकडे. विमाने मोजून झाल्यावर ठरवू.