बेण्याच्या बटाट्यात व्हायरॉइड शोधायचा, तर कोणती चाचणी?

‘एलायझाचं किट आहे, त्यावर भागेल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही भागत. एलायझा प्रथिनाला पकडते आणि बटाट्याच्या स्पिंडल ट्यूबर व्हायरॉइडला प्रथिनाचं आवरणच नाही. जेमतेम 359 न्यूक्लिओटाइडांचं आरएनएचं बंद कडं, बस्स. वनस्पतिरोगतज्ज्ञ डायनर यांनी 1971 मध्ये हे ओळखलं, तेव्हा विषाणूहूनही लहान अशा रोगकारकाला ‘व्हायरॉइड’ हे नाव मिळालं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे टोमॅटोची चाचणी. ‘रटगर्स’ जातीच्या रोपांवर कंदाचा रस चोळायचा, रोपं उबेत ठेवायची आणि शेंडा आखडतो का, हे काही आठवडे बघायचं. व्हायरॉइडचा प्रकार सौम्य असेल तर रोप खुशाल हिरवंगार राहतं. बेण्याचा निकाल यावर देऊ नये.

रिटर्न-पेज या चाचणीत विजेच्या जोरावर आरएनए जेलमधून एकदा सरळ आणि मग गरम बफरमध्ये उलटा धावतो. उष्णतेने व्हायरॉइडची काडी उलगडून कडं होतं आणि ते मागे रेंगाळतं. चांदीच्या क्षाराने जेल रंगवलं, की त्याचा पट्टा वेगळा उठून दिसतो. न्यूक्लिओटाइडांचा क्रम माहीत नसलेला व्हायरॉइडही यात सापडतो, हे तिचं खरं मोल. पण अंश कमी असेल तर हुकतो, शिवाय कष्ट फार.

मग खरी निवड उरते दोघांत. डॉट ब्लॉटमध्ये नमुन्याचे थेंब पडद्यावर ठेवून व्हायरॉइडला चिकटणाऱ्या, खूण लावलेल्या तुकड्याने तो शोधतात. एकाच पडद्यावर ढीगभर नमुने बसतात, महागडं यंत्र लागत नाही. फक्त फिकट जांभळा ठिपका आला, की तो ‘आहे’ म्हणायचा की ‘नाही’, यावर टेबलाभोवती वाद होतो. रिअल-टाइम आरटी-पीसीआर, म्हणजे आरएनएवरून डीएनएच्या प्रती काढून त्या वाढतानाच मोजायच्या; ही कितीतरी अधिक संवेदनशील. नळी उघडावी लागत नाही, म्हणून भेसळीची भीतीही कमी. मात्र कंदातला स्टार्च आणि फिनॉलं विकराला अडवतात. चाचणी नीट चालली का हे दाखवणारा, बटाट्याच्या स्वतःच्या जनुकाचा कंट्रोल सोबत चालला नसेल, तर ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही. पॉझिटिव्ह आल्यास क्रम वाचून घ्यावा. काही प्राइमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे, टोमॅटोतल्या जवळच्या भाईबंद व्हायरॉइडलाही पकडतात.

मातृरोपं किंवा बेण्याचा मूळ साठा तपासायचा असेल, तर मी डोळे झाकून रिअल-टाइम घेईन. पानांचे शेकडो नमुने आणि हातात पैसे कमी, तर डॉट ब्लॉट चालेल.

आणि सुरी. हा व्हायरॉइड रसातून पसरतो, त्यामुळे एकाच पात्याने सगळे कंद कापले, तर प्रयोगशाळाच तो वाटत सुटते. नुसतं स्पिरिटने पुसून भागत नाही, पातं ब्लीचच्या द्रावणात बुडवायला हवं. ओळीने आठ-दहा नमुने पॉझिटिव्ह आले, तर आधी पात्यावर संशय घ्या, मग शेतकऱ्यावर.