कॉलेजचं ग्रंथालय की तालुक्याचं वाचनालय?

एम.लिब.चा, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा निकाल लागला की अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न येतोच. मी दोन्हीकडे नोकरी केली आहे, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

आधी पैशाचं. नेट-सेट ही पात्रता परीक्षा झाली असेल आणि अनुदानित कॉलेजातली पूर्णवेळ जागा मिळत असेल, तर सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. सार्वजनिक वाचनालय याच्या आसपासही येत नाही. तिथलं सरकारी अनुदान वाचनालयाच्या अ, ब, क, ड वर्गावर (अ सगळ्यात वरचा) ठरतं, हप्त्यांनी येतं, आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. घर तुमच्यावरच चालत असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका. पण अशा जागा निघतात किती? बहुतेकांच्या वाट्याला विनाअनुदानित कॉलेज आणि ठोक मानधन येतं. मग फरक फारसा उरत नाही.

तांत्रिक हात कॉलेजात बसतो, हे मान्य. सोल, कोहा ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर्स आणि कॉलेज-विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या सेवा रोजच्या वापरात येतात. वाचनालयात अजून बरंच काम दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक हातानं लिहायच्या वहीत चालतं.

मला कॉलेजातून उठवलं ते ‘नो ड्यूज’नं. परीक्षा संपली की खिडकीपुढे रांग लागायची. तीन वर्षांत एकदाही न फिरकलेला मुलगा कागद सरकवून म्हणायचा, “सर, शिक्का.” खातं उघडावं तर कोरं. त्याच्याकडे ग्रंथालयाचं काही येणं नाही, असं मी सही करून लिहून द्यायचो, आणि ते शब्दशः खरं असायचं. मागची कपाटं कुलुपात. उरलेलं वर्ष नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलींत. सगळी कॉलेजं अशी नसतील, माझं होतं.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर माणसं भांडतात, तेही नव्या कादंबरीचा नंबर कुणाचा यावरून. आमच्याकडच्या एक आजी वाचून झालेल्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं बारीक फुली मारतात, पुन्हा तेच घरी जाऊ नये म्हणून. नियमात बसत नाही, पण मी खोडत नाही. शिवाय पुस्तकखरेदी, दिवाळी अंकांची योजना, बालविभाग, तपासणीची कागदपत्रं, सगळं पहिल्याच वर्षी अंगावर पडतं. कॉलेजात खरेदीच्या यादीला हात लागायलाच मला वाट पाहावी लागली होती.

तेव्हा पक्की अनुदानित जागा हातात असेल तर घ्या, मी अडवणार नाही. नसेल तर तालुक्याचं अ वर्ग वाचनालय बघा. मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या शिपायाला मागचा पगार कधी झाला ते विचारा, आणि मुक्तद्वार आहे का, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक काढता येतं का, ते स्वतः आत फिरून पाहा. कपाटांना कुलपं दिसली तर दुसरं शोधा.