लॉज, गाड्या आणि गाइड यांच्यासाठीचं बालसुरक्षा प्रशिक्षण: आठ महिने वापरल्यानंतर

मुलांचं लैंगिक शोषण ओळखायला शिकवणारं, पर्यटन व्यवसायातल्या कर्मचाऱ्यांसाठीचं हे प्रशिक्षण आम्ही संभाजीनगर, वेरूळ आणि अजिंठ्याजवळचं फर्दापूर या पट्ट्यात आठ महिने वापरलं. लॉजचा काउंटर, हाउसकीपिंग, चालक, गाइड अशा सगळ्यांसाठी. मिळतं ते असं: तीन तासांचं सत्र, एक चित्रफीत, लक्षणांचं पत्रक आणि भिंतीवर लावायचं पोस्टर. पाया १९९८ साली सुरू झालेल्या ‘द कोड’ या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचा आहे. तिच्या सहा निकषांत कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आहे, तशीच पुरवठादारांच्या करारात बालशोषणविरोधी अट घालणंही आहे. पाया भक्कम आहे. लक्षणं कशी ओळखायची हे प्रशिक्षण चांगलं शिकवतं. लक्षण दिसल्यावर पुढची दहा मिनिटं काय करायचं, हे मात्र शिकवत नाही, आणि लॉजवर सगळं त्या दहा मिनिटांतच ठरतं.

आधी वेळेचं. सलग तीन तास कोणताच लॉज माणसं मोकळी करत नाही. त्याऐवजी दुपारी तीन ते साडेचार अशी दोन सत्रं जमतात, कारण चेकआउट उरकलेलं असतं आणि संध्याकाळची गर्दी अजून सुरू व्हायची असते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून फर्दापूरचे गाइड आणि चालक सोमवारी, वेरूळचे मंगळवारी. एका वेळी पंधराच्या वर माणसं नकोत, मागची रांग गप्प बसते. रात्रपाळीचा मुलगा हमखास सुटतो, आणि रात्री अकरानंतर खोली देणारा नेमका तोच असतो. त्याच्यासाठी पाळी सुरू होताना वेगळं सत्र ठेवावंच लागतं.

आता ती दहा मिनिटं. यादीतली लक्षणं खरी आहेत: मुलाचं कार्ड ‘घरी राहिलं’, सामान नाही, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठा माणूस देतो, एकच स्थानिक माणूस वेगवेगळ्या लोकांसाठी रोखीने खोल्या घेतो, दिवसभर कुणाला साफसफाईला आत येऊ देत नाही. पण यातलं काही दिसलं की शिकलेला कर्मचारी एक तर थेट भांडायला उठतो, नाही तर मान खाली घालून किल्ली देतो. भांडण झालं की माणूस मुलाला घेऊन दुसऱ्या लॉजवर जातो आणि माग तुटतो. आम्ही पत्रकाच्या मागे क्रम छापून घेतला. किल्ली द्यायची नाही, ‘नेट स्लो आहे, बसा जरा’ म्हणून पाणी द्यायचं. दुसऱ्याने आत जाऊन फोन करायचा: मूल आत्ता धोक्यात दिसत असेल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर, नुसती शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवायची. मुलाची उलटतपासणी करायची नाही, नाव आणि गाव एवढंच विचारायचं. फोटो काढायचा नाही आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पाहुणे खोलीत जाऊन आल्यावर शंका आली, तर सगळ्यात मोठं नुकसान हाउसकीपिंगच्या सवयीने होतं. खोली रिकामी झाली की चादर ओढायची, डस्टबिन रिकामं करायचं, फरशी पुसायची, हात आपोआप चालतात. तिथे पुरावा जातो. खोलीला कुलूप लावून पोलिसांची वाट पाहायची. मुलाला अंघोळ घालायची नाही, कपडे बदलायचे नाहीत, शक्यतो बाई कर्मचारी जवळ बसवायची. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्यायचं. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असेल तर फरक किती, तेही लिहायचं.

कायद्याचा भाग साहित्यात दीड पानात उरकला आहे, तो वाढवायला हवा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ चं कलम १९ सांगतं की गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडेल अशी भीती वाटत असेल, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे १०९८ ला फोन केला तरी पोलीस ठाण्यात कळवायचं आणि नोंदीचा क्रमांक मागून घ्यायचा. कलम २० मध्ये हॉटेल आणि लॉज यांचा नावानिशी उल्लेख आहे: मुलांचं अश्लील चित्रण करणारी सामग्री सापडली तर कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘लॉजचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्या मालकापुढे हीच कलमं वाचावीत. कर्मचाऱ्यांना मात्र दुसरं वाक्य हवं असतं: चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कळलं की फोन करणारा हात मोकळा होतो.

एक दुष्परिणाम गंभीर आहे. प्रशिक्षणानंतर काही काउंटरांवर गरीब दिसणाऱ्या कुटुंबांची आणि वेगवेगळ्या धर्मांच्या जोडप्यांची चौकशी वाढली. दोघंही अठरा पूर्ण असतील तर तो विषयच नाही. घृष्णेश्वराला किंवा तुळजापूरला निघालेल्या कुटुंबातल्या लेकरांची कार्डं नसणंही नेहमीचंच आहे. उपाय एकच: रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाचं नाव, वय आणि नातं असे रकाने पाडायचे आणि सगळ्यांना सारखंच विचारायचं. काउंटरवर रोज सकाळी ‘अमुक तारखेला किंवा त्याआधी जन्मलेले अठरा पूर्ण’ अशी चिठ्ठी लावली की कार्ड पाहून हिशेब चुकत नाही.

उलट, जिथे नजर पडायला हवी तिथे पडत नाही. गळ्यात मंगळसूत्र दिसलं की मुलीचं वय कुणी पाहत नाही. बीड, जालना भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत लेकी लवकर उजवल्या जातात, हे इथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे ‘लग्न झालंय’ हे उत्तर पटतं. कायद्याला ते पटत नाही. पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. साहित्यात यावर एक ओळ नाही. ते परदेशी पाहुणा डोळ्यांपुढे ठेवून बनवलं आहे. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती सरकारी फॉर्मवर चोवीस तासांत भरावी लागतेच. देशी पाहुण्यासाठी आपलं रजिस्टर हीच एक नोंद.

चालकांचा भाग त्रोटक आहे. गाडीत शंका आली तर आडरस्त्याला थांबायचं नाही, उजेडातला पेट्रोल पंप किंवा टोलनाका गाठून ११२ लावायचं, एवढं तरी असायला हवं. फोनवर पहिला प्रश्न ‘कुठे आहात’ हाच येतो, म्हणून वेरूळ खुलताबाद तालुक्यात आणि फर्दापूर सोयगाव तालुक्यात, हे तोंडपाठ करून घ्यावं. स्टेशनवरून आणि बसस्थानकावरून कमिशनवर गिऱ्हाईक आणणारे रिक्षावाले तर या प्रशिक्षणाच्या बाहेरच राहतात, आणि साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तीच. गाइडसाठीच्या सूचना चांगल्या आहेत: लेणीबाहेर वस्तू विकणाऱ्या मुलांकडून खरेदी नको, चॉकलेट-पैसे नकोत, फोटो नकोत.

दिवाळीच्या हंगामात माणसं बदलतात आणि शिकवलेलं त्यांच्याबरोबर जातं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दहा मिनिटं आणि दर सहा आठवड्यांनी खोटा फोन करून वीस मिनिटांची तालीम, एवढं केलं तर टिकतं. पोस्टर काउंटरमागे शोभेला नको, चादरींच्या खोलीच्या दारावर हवं.

शेवटची उणीव साध्या छपाईची वाटते, पण तशी नाही. पत्रकात पहिली पायरी ‘मॅनेजरला कळवा’ अशी आहे. खोली मॅनेजरच्याच ओळखीने दिलेली असेल तर कर्मचारी तिथेच अडकतो. आम्ही छापून घेतलेल्या कार्डावर आता ११२ आणि १०९८ वर आहेत, मॅनेजरचा नंबर त्यांच्या खाली.