बिलात कार्ड, पेटीत नुसती पट्टी

सांगलीत माझं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. एका लग्नाचं फूटेज सहज 400-500 जीबी भरतं, आणि पोर्टेबल डिस्कांनी कपाट भरलं होतं. म्हणून गेल्या वर्षी एकच मोठं मशीन करायचं ठरवलं.

ओळखीतून एक दुकानदार मिळाला. बोलायला गोड. "दादा, खाली प्रॉक्समॉक्स टाकतो. एका व्हीएममध्ये ट्रूनॅस तुमच्या फूटेजला, दुसऱ्यात विंडोज टॅलीला. डिस्क थेट व्हीएमच्या ताब्यात, मध्ये कोणी नाही." प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि ट्रूनॅस फाइली साठवायचं. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: 8 टीबीच्या चार नव्या सीगेट एक्सॉस डिस्क, आणि आयटी मोडमधलं एचबीए कार्ड (डिस्का जोडायचं, त्या जशाच्या तशा पुढे देणारं कार्ड), 4,500 रुपये. जीएसटी वाचवायला मी कच्च्या बिलावर तयार झालो. तो गाढवपणा माझाच.

मशीन देताना त्याने मला एकेका डिस्कवरचा सीरियल नंबर वाचायला लावला आणि ट्रूनॅसच्या स्क्रीनवर तोच नंबर दाखवला. "बघा, थेट दिसतंय की नाही!" चारही नंबर जुळले. मी खूश होऊन उरलेले पैसे तिथेच दिले.

पाचव्या महिन्यात मेल आली: पूल डिग्रेडेड, म्हणजे डिस्कांचा गट अधू झालाय. एक डिस्क बाहेर पडली होती. त्याला फोन केला तर म्हणाला, "लाइटचा प्रॉब्लेम असेल, यूपीएस बघा." नवी डिस्क घातली, रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) लावलं, आणि ते चालू असतानाच दुसरी डिस्क एरर द्यायला लागली. आमच्या चार डिस्का रेडझेड-वन नावाच्या मांडणीत होत्या, आणि त्यात एकच डिस्क गेलेली चालते. 'रेडझेड आहे ना, बॅकअप कशाला' हेही त्याचंच वाक्य.

पुण्याहून भाचा आला. ट्रूनॅसमध्ये डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) उघडायला गेला तर रिकामा. मग मॉडेलच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं 'क्यूईएमयू हार्डडिस्क'. "मामा, ही कुठली कंपनी?" मला काय माहीत! क्यूईएमयू म्हणजे व्हीएमला खोटं हार्डवेअर दाखवणारं सॉफ्टवेअर. डिस्क खऱ्या होत्या, पण व्हीएमला दिसत होता त्यांचा मुखवटा. प्रॉक्समॉक्समध्ये एका ओळीच्या कमांडने डिस्क व्हीएमला अशी जोडता येते, आणि त्याच ओळीत सीरियल नंबर हाताने टाकता येतो. दुकानदाराने स्टिकरवरचे नंबर तिथे टाइप केले होते. मी ज्यावर भुललो ते एवढंच.

डिस्क अशी जोडणं गुन्हा नाही, घरगुती कामाला बरेच जण तसंच करतात. पण मग व्हीएमला डिस्कची तब्येत कळत नाही. एचबीए कार्डच व्हीएमला दिलं की कार्डासकट डिस्का त्याच्या होतात: व्हीएममध्ये एलएसपीसीआय (कार्डं दाखवणारी कमांड) मारलं की कार्डाचं नाव दिसतं, आणि खाली होस्टवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सवर, एलएसबीएलके (डिस्का दाखवणारी कमांड) मारलं तर त्या डिस्का दिसतच नाहीत. आमच्याकडे बरोब्बर उलटं होतं. व्हीएममध्ये कार्डाचा पत्ता नाही, होस्टवर सगळ्या डिस्का रांगेत उभ्या.

कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या जागी पत्र्याची कोरी पट्टी. एचबीएची केबल ओळखायला सोपी असते, एका जाड टोकातून चार वायरी फुटतात. इथे चार साध्या साटा केबली सरळ मदरबोर्डात खोचलेल्या.

मग भाच्याने होस्टवरून स्मार्ट काढलं. चालू तास साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे पाच महिन्यांचा हिशेब चोख. मी म्हटलं, निदान डिस्क तरी नव्या होत्या. तो म्हणाला, थांबा. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. विकणारे स्मार्टचे तास शून्य करतात, पण ही नोंद बऱ्याचदा तशीच राहते. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क याच नोंदीवरून उघड झाल्या होत्या. स्मार्ट वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. वाचली. 27,412 तास. त्यातले माझे साडेतीन हजार वजा केले तरी माझ्याकडे येण्याआधी ती डिस्क कुठेतरी पावणेतीन वर्षं अखंड फिरली होती. बाकीच्याही त्याच माळेच्या.

तास शून्य केलेली डिस्क आणि स्मार्ट न दिसणारा व्हीएम. ही जोडी त्याने मुद्दाम लावली असं भाचा म्हणतो. मला वाटतं, कार्डाचे 4,500 खाल्ले आणि बाकीचं आपोआप झाकलं गेलं.

दुकानदाराने आधी "सॉफ्टवेअर पासथ्रू म्हणजे तेच हो" म्हणून बघितलं. पट्टीचा फोटो पाठवल्यावर कार्डाचे पैसे परत आले. डिस्कांबद्दल चकार शब्द नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, कोटेशनचे स्क्रीनशॉट आणि फार्मचे आकडे जोडून.

झेडएफएसने (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) खराब झालेल्या फाइलींची नावं काढून दिली. एकूण अकरा. त्यात एका मुलीच्या हळदीच्या तीन क्लिप आहेत. तिचे वडील परवा व्हिडिओ मागायला दुकानात येऊन गेले. मी चहा पाजला आणि आठ दिवस मागून घेतले.