सॅफायरपासून पीडीएमएसपर्यंत: एएफएमच्या कॅलिब्रेशन संचाचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक) टोकदार टिपने नमुना दाबून त्याचा ताठरपणा मोजतो; त्याच्या मोजमापाची पडताळणी करायला हा माहीत ताठरपणाच्या नमुन्यांचा संच मिळतो. संच चांगला आहे. पण सोबतच्या पत्रकातल्या क्रमाने वापरला, तर आकडे छान जुळतात आणि तरीही चुकलेले असू शकतात. आठ महिने जवळजवळ रोज वापरल्यावर आमचं हे मत पक्कं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

संचात १२ मिलिमीटरच्या चकत्यांवर बसवलेले नमुने येतात: सॅफायर, फ्यूज्ड सिलिका (७२ गिगापास्कल), ग्रॅफाइट (१८), पॉलीस्टायरीनचा पातळ थर (२.७), पीडीएमएसचे (मऊ सिलिकॉन रबर) दोन तुकडे (सुमारे २.५ आणि ३.५ मेगापास्कल) आणि टिपचा आकार तपासायला खडबडीत टायटॅनियमची एक चकती. पत्रकातला झटपट उपाय असा: सॅफायरवर सेन्सिटिव्हिटी (कॅंटिलिव्हर, म्हणजे टिप धरणारी पातळ पट्टी, किती वाकली की फोटोडायोडचा, म्हणजे लेसरचा परावर्तित ठिपका टिपणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल किती बदलतो) काढा, पॉलीस्टायरीनवर मोजा आणि मॉड्युलस (पदार्थाचा ताठरपणा) २.७ येईपर्यंत टिपची त्रिज्या बदलत राहा. स्प्रिंग कॉन्स्टंट (कॅंटिलिव्हरचा ताठरपणा) खोक्यावर छापलेला घेतला तरी चालतो म्हणे.

यात अडचण अशी की ती त्रिज्या सगळ्या चुका पोटात घालते. स्प्रिंग कॉन्स्टंट २० टक्क्यांनी कमी धरला असेल, तर २.७ गाठायला १० नॅनोमीटरची टिप कागदावर ६.४ नॅनोमीटरची करावी लागते. ही चूक पुढच्या नमुन्यावर तशीच कटते, त्यामुळे ती एक वेळ माफ. सेन्सिटिव्हिटीतली चूक मात्र कटत नाही. फोर्स काढताना ती लागते आणि टिप किती रुतली हे काढतानाही लागते, कारण रुतलेली खोली म्हणजे पिएझोची (टिप किंवा नमुना वरखाली करणाऱ्या भागाची) हालचाल वजा कॅंटिलिव्हरचं वाकणं. नमुना बदलला की या वजाबाकीतला तोल बदलतो आणि पॉलीस्टायरीनवर जुळवलेली त्रिज्या तिथे उपयोगाची राहत नाही.

एक उदाहरण आकड्यांत बघा. पॉलीस्टायरीन, १० नॅनोमीटर त्रिज्येची टिप, १० नॅनोन्यूटन फोर्स. हर्ट्झच्या सूत्राने (गोलसर टिप किती रुतेल ते सांगणाऱ्या) टिप साधारण ०.८५ नॅनोमीटर रुतते. कॅंटिलिव्हर ०.४ न्यूटन प्रति मीटरचा असेल, तर तो २५ नॅनोमीटर वाकतो. सेन्सिटिव्हिटीत फक्त १ टक्का चूक झाली, तर वाकण्यात पाव नॅनोमीटर इकडेतिकडे होतो, म्हणजे खोली ०.६ किंवा १.१ येते. मॉड्युलस एका बाजूला सुमारे ७० टक्के जास्त, दुसऱ्या बाजूला ३० टक्के कमी. १ टक्क्याची चूक! आता ४० न्यूटन प्रति मीटरचा कॅंटिलिव्हर घ्या आणि १०० नॅनोन्यूटनने दाबा. टिप ३.९ नॅनोमीटर रुतते, कॅंटिलिव्हर २.५ वाकतो. तीच १ टक्का चूक आता खोलीत १ टक्कासुद्धा भरत नाही. ताठ नमुन्याला ताठ कॅंटिलिव्हर आणि मऊला मऊ, हे सगळे सांगतात. ते का, ते या हिशेबात दिसतं. रुतणं आणि वाकणं एकमेकांच्या आसपास आलं पाहिजे.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी स्प्रिंग कॉन्स्टंट स्वतंत्रपणे, मग सेन्सिटिव्हिटी, मग टायटॅनियमवर त्रिज्या. पॉलीस्टायरीन शेवटी, आणि तेही जुळवण्यासाठी नाही, पडताळण्यासाठी.

स्प्रिंग कॉन्स्टंट. खोक्यावरचा आकडा सोडूनच द्या. ३०० किलोहर्ट्झच्या सिलिकॉन कॅंटिलिव्हरवर ४० लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत २० ते ८०. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे जाडीत १० टक्के फरक म्हणजे ताठरपणात ३३ टक्के. मऊ कॅंटिलिव्हरसाठी थर्मल ट्यून (उष्णतेमुळे होणाऱ्या थरथरीवरून स्प्रिंग कॉन्स्टंट काढणं) उत्तम. ०.१ न्यूटन प्रति मीटरचा कॅंटिलिव्हर खोलीच्या तापमानाला साधारण ०.२ नॅनोमीटर थरथरतो, ते सहज दिसतं. ४० न्यूटनचा थरथरतो जेमतेम १० पिकोमीटर आणि तेही ३०० किलोहर्ट्झला. तिथे सेडरची पद्धत जास्त भरवशाची: वरून दिसणारी लांबी-रुंदी, रेझोनन्सची फ्रीक्वेन्सी आणि क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे ते सांगणारा आकडा) यांवरून स्प्रिंग कॉन्स्टंट काढायचा. टिप कशाला टेकवावीच लागत नाही.

थर्मल ट्यूनमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात पडणारे बरेच दिसतात. आयताकृती कॅंटिलिव्हर स्वतःहून कंप पावताना टोकाशी जो कोन करतो, तो दाबून वाकवल्यावरच्या कोनापेक्षा वेगळा असतो. त्यासाठी १.०९ च्या वर्गाने भागावं लागतं आणि पहिल्या मोडसाठी ०.९७१ ने गुणावं लागतं. दोन्ही मिळून ०.८१७ चा गुणक. काही सॉफ्टवेअरमध्ये हा गुणक आधीच आत बसवलेला असतो, काहींमध्ये हाताने भरायचा असतो. दोनदा लागला तर स्प्रिंग कॉन्स्टंट सुमारे १८ टक्के कमी येतो आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. मॅन्युअलमधलं ते पान एकदा नीट वाचाच. तापमानाची मात्र फार काळजी करू नका. ५ अंशांची चूक १.७ टक्क्यांच्या आसपास जाते. कॅंटिलिव्हर साधारण ११ अंश तिरका बसलेला असतो, त्याची दुरुस्ती ४ टक्क्यांच्या आत बसते. ती करा, पण तिच्यापायी झोप घालवू नका.

मला सगळ्यात आवडलेली पडताळणी फुकट आहे. एकाच खोक्यातल्या प्रोबची (टिपसह कॅंटिलिव्हरची) लांबी-रुंदी जवळपास सारखी असते, फरक येतो जाडीत. फ्रीक्वेन्सी जाडीच्या प्रमाणात वाढते, ताठरपणा घनाने. म्हणजे ताठरपणा भागिले फ्रीक्वेन्सीचा घन, हे गुणोत्तर खोकंभर स्थिर राहायला हवं. ३०० किलोहर्ट्झच्या प्रोबला ४० आलं असेल, तर ३३० वाल्याला ५३ च्या जवळ यायला हवं. तिथे ३८ आलं तर प्रोबला दोष देण्याआधी स्वतःचं फिटिंग बघा. प्रत्येक प्रोबसाठी वहीत एक ओळ ठेवा: फ्रीक्वेन्सी, क्यू, सेन्सिटिव्हिटी, स्प्रिंग कॉन्स्टंट, फोटोडायोडचा एकूण (सम) सिग्नल. दहा-बारा ओळी झाल्या की चुकलेली ओळ आपोआप डोळ्यात भरते.

सेन्सिटिव्हिटी. सॅफायरची चकती उत्तम आहे, आठ महिन्यांनीही ओरखडा नाही. पण स्वच्छ हवी. पुसून भागत नाही. इथेनॉल, मग कोरडा नायट्रोजन, आणि जमलं तर यूव्ही ओझोन. घाणीचा थर असला की फोर्स कर्व्हचा (टिप टेकवून दाबताना वाकणं कसं बदलतं त्याच्या आलेखाचा) सुरुवातीचा भाग गोलसर दिसतो. फिट करताना तो भाग सोडा आणि वरचा सरळ भागच घ्या. लागोपाठ दहा कर्व्ह घ्या. त्यांच्यात १ टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. जातानाचा आणि येतानाचा उतार वेगळा येत असेल, तर टिप सॅफायरवर घसरतेय. घर्षणाचा परिणाम दोन्ही दिशांना उलट असल्याने दोन्हींची सरासरी घ्या. कोलॉइडल प्रोबमध्ये (टिपऐवजी सूक्ष्म गोळा बसवलेल्या) हे ठळक दिसतं. लेसरचा ठिपका हलवला, द्रव घातला, होल्डर काढून परत बसवला, की जुनी सेन्सिटिव्हिटी विसरा. लेसर लावल्यावर अर्धा-पाऊण तास थांबणंही गरजेचं आहे. मागच्या बाजूला सोन्याचा थर असला की कॅंटिलिव्हर तापून वाकत राहतो आणि बेसलाइन सरकत जाते.

ताठ कॅंटिलिव्हरला सॅफायरवर दाबायचं म्हणजे टिपचा बळी. ४० न्यूटनचा कॅंटिलिव्हर १० नॅनोमीटर वाकवला की ४०० नॅनोन्यूटन झाले, आणि समोर सॅफायर. त्यामुळे एक तर हे अगदी शेवटी करा, नाहीतर सेडरने काढलेला स्प्रिंग कॉन्स्टंट थर्मल स्पेक्ट्रममध्ये टाकून सेन्सिटिव्हिटी उलटी काढा. मऊ आणि जैविक नमुन्यांसाठी २०१७ मध्ये मांडलेल्या स्नॅप पद्धतीचाही गाभा हाच: स्प्रिंग कॉन्स्टंट आधीच नेमका माहीत असलेला कॅंटिलिव्हर घ्यायचा आणि सेन्सिटिव्हिटी थर्मलवरून दुरुस्त करायची. संचाच्या पत्रकात याचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव वाटते.

टायटॅनियमची चकती कामाची, पण जपून. ती टिप तपासते आणि तपासताना झिजवतेही. कमी फोर्स, सावकाश स्कॅन, एकाच प्रतिमेत काम आटपा. मिळणारी त्रिज्या वरची मर्यादा असते, खरी टिप त्याहून अणकुचीदार असू शकते. आणि त्रिज्या शेंड्यापासून किती उंचीवर मोजली, ते महत्त्वाचं. नमुन्यात ४ नॅनोमीटर रुतणार असाल, तर शेंड्यापासून ४ नॅनोमीटरवरची त्रिज्या घ्या. २० वरची घेऊन उपयोग नाही. टिप झिजून त्रिज्या १० ची २० झाली आणि तुम्ही १० च धरून बसलात, तर मॉड्युलस ४१ टक्के फुगतो. म्हणून पॉलीस्टायरीन कामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. दोन्ही आकडे जुळले तर मधलं सगळं मोजमाप ठेवा. नाही जुळले तर ते टाका, कितीही जीव तुटला तरी.

पीडीएमएसवर मी नाराज आहे. नमुना चिकट आहे, टिप सुटताना कर्व्ह खोल खाली जातो. तिथे डीएमटी (ताठ, कमी चिकट नमुन्यांचं संपर्क मॉडेल) लावलं तर चुकीचंच उत्तर येणार, जेकेआर (मऊ, चिकट नमुन्यांचं मॉडेल) लागतं. शिवाय न जोडलेल्या छोट्या साखळ्या टिपला चिकटतात आणि पुढचा नमुना विनाकारण चिकट दिसायला लागतो. पीडीएमएस नेहमी शेवटी मोजा, आणि शक्यतो टोकदार टिपऐवजी काही मायक्रोमीटरच्या गोळ्याने. वेगाचंही बघा. सेकंदाला एक कर्व्ह आणि सेकंदाला हजार कर्व्ह यांत पॉलिमर एकच उत्तर देत नाही, आणि पत्रकावरचा आकडा कोणत्या वेगाचा आहे हे पत्रक सांगत नाही. ग्रॅफाइटबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. टेपने ताजा थर काढा आणि पायऱ्यांच्या कडांपासून दूर मोजा.

संचात किलोपास्कलच्या टप्प्यातलं काहीच नाही. पेशी किंवा जेल मोजणाऱ्यांनी हा घेऊन निम्मंच काम होईल. पॉलीअॅक्रिलअमाइडचे जेल स्वतः ओतावे लागतील. थर जाड ठेवा, रुतणं जाडीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर खालची काच मोजली जाते. त्याच जेलचा मोठा तुकडा रिओमीटरवर (पदार्थ पिळून त्याचा ताठरपणा मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. रिओमीटर शिअर मॉड्युलस देतो, त्याला ३ ने गुणलं की यंग मॉड्युलस मिळतो, कारण जेलचा पॉइसन गुणांक (दाबल्यावर आडवं किती फुगतं त्याचं माप) ०.५ च्या जवळ असतो. एएफएमच्या सॉफ्टवेअरमध्येही ०.५ भरायला विसरू नका. तिथे ०.३ आधीच टाइप केलेलं असू शकतं.