टाइम मशीन: स्लो आहे, पण मुद्दाम

मॅकवरचं टाइम मशीन, म्हणजे फाइल्सचा आपोआप बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, बरेच दिवस वापरतोय, मस्त आहे. पहिल्या बॅकअपला लागणारा वेळ बघून डिस्कच गेली की काय असं वाटतं, पण तसं काही नसतं हो, मॅकओएस या कामाला मुद्दाम खालची प्रायॉरिटी देतं म्हणजे आपण काम करत असताना डिस्क आधी आपल्याला मिळते आणि बॅकअप बिचारा मागे रांगेत. त्यात हजारो बारक्या फाइल्स असल्या की एका मोठ्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त वेळ खातात. टर्मिनलमधून (मॅकवर कमांड टाइप करायचं ॲप) हा खालच्या प्रायॉरिटीचा ब्रेक काढता येतो, रीस्टार्ट केलं की परत लागतो. मी तेच केलं, रात्रभर ठेवलं, सकाळी काम फत्ते! नंतर फक्त बदललेल्या फाइल्स जातात, तासातासाला चालतं तरी कळतही नाही.