मुतखड्याचं बिनटाक्याचं ऑपरेशन: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या किडनीतला 11 मिमीचा खडा लेझरने फोडला. आरआयआरएस म्हणतात त्याला. लघवीच्या वाटेनेच बारीक, वाकणारी दुर्बीण आत जाते, कुठेही चिरा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, बाराव्या दिवशी वर्गावर. माझ्या लहानपणी बाबांचा खडा मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, पोट उघडून काढला होता. कुशीवरचा वीतभर व्रण अजून आहे, आणि दीड महिना त्यांनी सायकलला हात लावला नव्हता.

बाहेरून लहरी देऊन खडा फोडणं स्वस्तात झालं असतं. पण माझा खडा किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात होता. तिथला चुरा वर चढून बाहेर पडणं कठीण, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मला पटलं.

कोणी नीट सांगितलं नाही ते नळीचं. ऑपरेशननंतर किडनीपासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. ऑपरेशनने दिला नाही तेवढा त्रास तिने दिला. लघवीला बसलं की कमरेत कळ चढायची, अर्ध्या अर्ध्या तासाला जावं लागायचं, जिना चढला की लघवी गुलाबी. असं होतंच, हे मला तिसऱ्या दिवशी घाबरून फोन केला तेव्हा कळलं. डिस्चार्ज कार्डावर नळी काढायची तारीखसुद्धा नव्हती, नुसतं ‘फॉलोअप’. मी मागे लागून पेनाने लिहून घेतली. तीन आठवड्यांनी जेल लावून पाच मिनिटांत ती निघाली.

त्या दिवशी बाकावर काटोलकडचे एक काका शेजारी होते. त्यांची नळी वर्षाच्या वर आतच राहिली. तिच्यावरच खडे चढले, आता पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. दुखणं थांबलं म्हणून ते आले नाहीत, आणि त्यांना बोलवायला कोणी एक फोन केला नाही. मला त्याचा अजून राग येतो. नळी घातली असेल तर काढायची तारीख घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

तीन महिन्यांच्या सोनोग्राफीत 3 मिमीचा तुकडा दिसला. खडा तपासला तर कॅल्शियम ऑक्झलेट. दूध बंद करू नका, मीठ कमी करा, लिंबूपाणी घ्या, आणि दिवसाला किमान दोन लिटर लघवी व्हायलाच हवी, असं सांगितलं. मे महिन्यातल्या एका रविवारी मी मापाच्या भांड्याने मोजून पाहिली. चार लिटर पाणी पिऊनही दीड लिटर भरली नाही, बाकी सगळं घामात गेलं. आणि मी वीस वर्षं शाळेत बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच टाळत आले! आता दोन बाटल्या नेते, आणि तास चालू असला तरी उठून जाते.

परवा पुन्हा सोनोग्राफी केली. तुकडा तेवढाच आहे, 3 मिमी.